संशोधन संस्थेत सर्वांसाठी सुरक्षित कामाची जागा : धोरण लिहिण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मुंबईतल्या संशोधन संस्थांमध्ये मी बरीच वर्षं आस्थापना आणि प्रयोगशाळा सुरक्षा अशी दोन्ही कामं सांभाळली आहेत. एक चूक मला सगळीकडे दिसते. आधी संचालकांचं पत्र निघतं, मग समिती नेमली जाते, समिती धोरण लिहिते, धोरण लिफ्टशेजारी भिंतीवर लागतं. ते कोणाकोणाला लागू आहे हा प्रश्न पडतो पहिली तक्रार किंवा पहिला अपघात झाल्यावर. त्यात आणखी एक अडचण होते. विविधता एका समितीकडे, सुरक्षा दुसरीकडे, वीज-पाणी-कचरा तिसरीकडे जातो आणि या तिघांची गाठ कधी पडत नाही.

ही तिन्ही कामं एकच का आहेत हे मला एका दुपारी कळलं. सफाईच्या मावशींनी सिंकच्या कडेची अर्धी भरलेली बाटली उचलली. निळ्या मार्करने त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं आणि ॲसिटोन सांडून निम्मी अक्षरं पुसली गेली होती. सिंक नुकतंच ब्लीचने धुतलेलं. बाटलीत उरलेलं आम्ल होतं. ते ओतताच क्लोरीनचा उग्र भपका आला आणि मावशी पदर नाकाला लावून खोकत बाहेर आल्या. त्यांना वेळेत डॉक्टरांकडे नेलं, त्या बऱ्या झाल्या. अपघाताची नोंद मात्र आठ दिवस अडकून राहिली, कारण नोंदवहीत कर्मचारी क्रमांकाचा रकाना होता आणि कंत्राटी असल्यामुळे त्यांना क्रमांकच नव्हता. लेबलची भाषा, कचऱ्याची व्यवस्था आणि माणसाची नोंद, तिन्ही एकाच ठिकाणी चुकलं होतं.

म्हणून पुढचा क्रम. पायऱ्या उलटसुलट करू नका.

पायरी १ : आवारात येणाऱ्या प्रत्येकाची यादी

आस्थापना विभागाकडे असते ती पगाराची यादी. तुम्हाला हवी ती वेगळी आहे. एक आठवडा गेटवरची नोंदवही रोज संध्याकाळी उतरवून घ्या आणि पगाराच्या यादीशी ताडून बघा. कायम कर्मचारी, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक), पीएचडीचे विद्यार्थी, प्रोजेक्ट असिस्टंट, दोन महिन्यांसाठी आलेले एमएस्सीचे प्रशिक्षणार्थी, सफाई, सुरक्षा, कॅन्टीन, लिफ्टमन, एसीवाले, गॅस सिलिंडर पोहोचवणारे हे सगळे त्यात आले पाहिजेत.

प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहा: कोणत्या मजल्यावर, कोणत्या वेळी, कोणती भाषा वाचता येते, कागदोपत्री मालक कोण, आणि त्याचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही हे कोण ठरवतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. प्रोजेक्ट असिस्टंटची मुदतवाढ, विद्यार्थ्याचा प्रबंध, मावशींचं कंत्राट बहुतेक वेळा एकेका माणसाच्या सहीवर अवलंबून असतं. तक्रार का होत नाही याचं उत्तर या रकान्यात सापडतं.

*सावधान :* जात, अपंगत्व, लिंगभाव, आजार या गोष्टी या यादीत नावासमोर लिहू नका. ज्यांना सांगायचं असेल त्यांच्यासाठी वेगळा, ऐच्छिक, बंद लिफाफ्याचा मार्ग ठेवा आणि ती माहिती कोण बघणार हे आधीच लेखी कळवा.

*तपासा :* गेटच्या वहीत आहे पण तुमच्या यादीत नाही असं एकही नाव उरलं नाही ना?

पायरी २ : तीन माणसांबरोबर एक-एक दिवस

यादीतून तीन माणसं निवडा आणि त्यांची परवानगी घेऊन त्यांचा दिवस त्यांच्याबरोबर चाला. एक सकाळी सगळ्यात आधी येणारं, एक रात्री सगळ्यात शेवटी निघणारं आणि एक ज्याला जिना चढणं अवघड आहे असं. सुरुवात गेटपासून नको, स्टेशनपासून करा. कल्याण किंवा विरारहून येणाऱ्या मुलीचा प्रयोग रात्री दहाला संपतो तेव्हा गेटपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, रिक्षा मिळते का, लेडीज डब्यात बसेपर्यंत किती वेळ जातो, हे तुम्ही स्वतः घड्याळ लावून बघितलेलं असलं पाहिजे. अशा वेळी प्रयोगाचं वेळापत्रकच दोन तास अलीकडे आणता येतं हे अनेक गाइडना कोणी सुचवलेलंच नसतं.

बघताना फक्त टिपून घ्या, उपाय लगेच सांगू नका. मी कायम बघते त्या गोष्टी अशा. रॅम्पचा उतार : १५ सेंटिमीटर चढायला निदान १८० सेंटिमीटर लांबी हवी, म्हणजे १:१२, त्याहून उभा असेल तर तो हातगाडीचा रॅम्प आहे, व्हीलचेअरचा नाही. प्रयोगशाळेच्या दारातला उंबरठा. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात साठवलेले खोके आणि झाडू. सफाई कामगार जेवतात कुठे आणि कपडे कुठे बदलतात. हिरकणी कक्षाला आतून कडी आहे का. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. ती कागदावर 'जवळच्या पाळणाघराशी करार' अशी असेल तर तिथपर्यंत चालत जाऊन या.

जमलं तर यातला एक दिवस जुलैतल्या भर पावसातला ठेवा. कोरड्या फेब्रुवारीत केलेल्या पाहणीत निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत.

पायरी ३ : तक्रारीची वाट आधी बांधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

जिथे १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समिती असावीच लागते. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अध्यक्ष म्हणून वरिष्ठ पदावरची महिला, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधले, एक सदस्य बाहेरचा, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. हे बहुतेकांना माहीत असतं. चुकतं ते यापुढे.

पहिली चूक, समिती फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी आहे असं समजणं. कायद्यात कंत्राटदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी काम करणारी अशी सगळी माणसं कर्मचारी धरली आहेत. आणि तक्रार करणारी महिला तिथे नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. पायरी १ची यादी हातात असेल तर ही चूक होत नाही. संस्थेला विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठाचा दर्जा असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५चे नियमही लागू होतात. त्यांत विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तीन विद्यार्थी-प्रतिनिधी लागतात, आणि कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या व्यक्ती समितीत बसू शकत नाहीत. हेच नियम पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या तक्रारींचीही दखल घ्यायला सांगतात.

दुसरी चूक मुदतीची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. घटना अनेकदा घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. "उशीर झाला" म्हणून दारातूनच परत पाठवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. वाढीव मुदतीबद्दल त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

एकदा तक्रार आली की घड्याळ चालू होतं : ७ कामाच्या दिवसांत समोरच्या व्यक्तीला प्रत, त्यानंतर १० कामाच्या दिवसांत तिचं उत्तर, ९० दिवसांत चौकशी पूर्ण, चौकशीनंतर १० दिवसांत अहवाल, अहवालानंतर ६० दिवसांत संस्थेची कारवाई. चौकशीच्या बैठकीत अध्यक्षांसह निदान तीन सदस्य हवेत. या तारखा तक्रार आली त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून काढा.

तिसरी चूक सगळ्यात घातक. तक्रार गाइडविरुद्ध असते आणि चौकशी चालू असताना त्याच गाइडच्या सहीने विद्यार्थिनीचा सहामाही अहवाल जातो. हे थांबवायची तरतूद नियमांत आहे. तिने लेखी विनंती केली तर समिती शिफारस करू शकते की त्या व्यक्तीने तिच्या कामाचं मूल्यमापन किंवा शैक्षणिक देखरेख करू नये, दोघांपैकी एकाची बदली व्हावी, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळावी. पण ही विनंती करता येते हे तिला माहीत कसं होणार? म्हणून पहिल्या भेटीतच, एका कागदावर, तिला वाचता येईल त्या भाषेत हे द्या. आणि देखरेख बदलायची वेळ आली तर कोण घेणार, अशा दोन-तीन वरिष्ठ शास्त्रज्ञांची नावं तक्रार येण्याआधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी कोणीच तयार होत नाही.

लिहिता न येणाऱ्या मावशींची तक्रार समितीने स्वतः लिहून घ्यायची असते. ती मेहरबानी नाही, कायद्याने घातलेली जबाबदारी आहे.

बाहेरच्या सदस्यांबद्दल एक आग्रह. संचालकांच्या ओळखीचे वकील नेमू नका. महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली, विद्यार्थ्यांना फोन करायला संकोच वाटणार नाही अशी व्यक्ती शोधा. वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो, आणि मुंबईत जिल्हे दोन आहेत हे विसरलं जातं. परळ, माटुंगा, कुलाबा मुंबई शहर जिल्ह्यात; पवई, देवनार, अणुकेंद्राचा ट्रॉम्बे परिसर उपनगर जिल्ह्यात. संस्थेचे दोन पत्ते असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती लागते.

छळ लैंगिकच असतो असं नाही. चहाच्या टेबलावर प्रवेशपरीक्षेची रँक विचारून जात काढणं, अपंग सहकाऱ्याला फील्डवर्कमधून न विचारता वगळणं, यासाठी वेगळी पण तितकीच स्पष्ट वाट हवी. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला अपंगांसाठी समान संधी धोरण आणि एक संपर्क अधिकारी लागतो; तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. या सगळ्यांचे फोन एकाच कागदावर छापा.

*तपासा :* रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला विचारा, "इथे कोणी त्रास दिला तर कोणाला फोन करायचा?" त्याला अर्ध्या मिनिटात सांगता आलं नाही तर पायरी अपुरी आहे.

पायरी ४ : बाटली, सिलिंडर, पाणी

*लेबल.* प्रत्येक बाटलीवर पदार्थाचं पूर्ण नाव, तारीख, करणाऱ्याचं नाव, धोक्याचं चित्र; आणि ती सफाईच्या हाती लागण्यासारखी असेल तर देवनागरीत 'हात लावू नका' किंवा 'सिंकमध्ये ओतू नका'. फक्त सूत्र लिहिलेली बाटली म्हणजे लेबल नसलेली बाटली. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत रसायन भरण्यावर सरसकट बंदी घाला.

*मांडणी.* वर्णक्रमाने लावलेलं कपाट बघून छान वाटतं, पण त्यात नायट्रिक आम्ल आणि ज्वलनशील द्रव शेजारी येऊन बसतात. आधी स्वभावाने गट करा (आम्लं, अल्कली, ऑक्सिडायझर, ज्वलनशील द्रव, पाण्याशी पेटणारे), मग हवं तर गटातल्या गटात वर्णक्रम. आम्लं डोळ्यांच्या पातळीच्या खाली, खाली ट्रे ठेवून. पाण्याशी पेटणारे पदार्थ खिडकीजवळ नकोत. इथल्या पावसाळी हवेतला ओलावा घट्ट न लावलेल्या झाकणाला पुरेसा असतो.

*द्रवरूप नायट्रोजन.* एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. छोट्या खोलीत ऑक्सिजन कधी कमी झाला हे माणसाला कळत नाही, तो सरळ पडतो. म्हणून हवेतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांवर आला की वाजणारा अलार्म हवा. आणि लिफ्टचा नियम : भांडं लिफ्टमध्ये एकटं जाईल, माणूस नाही. एक जण खाली, एक जण वर, मधल्या मजल्यांवर कोणी आत शिरू नये म्हणून भांड्यालाच मोठी पाटी. लिफ्टमनला हे नीट समजावून सांगा, कारण मधल्या मजल्यावर कोणाला आत सोडायचं हे तोच ठरवतो.

*आयवॉश (डोळे धुण्याचा नळ).* धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत पोहोचता यावं आणि १५ मिनिटं सलग पाणी यावं. दर आठवड्याला सुरू करून बघा. मे महिन्यात पाण्याखाली स्वतःचा हात धरून बघा, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी डोळ्याला सोसणार नाही इतकं तापलेलं असू शकतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ हवं आणि त्याची मुदत संपलेली नको.

*एकटेपणा.* रात्री एकट्याने धोक्याचं काम नाही. याला पर्याय म्हणून 'मेसेज टाक' चालणार नाही. हाक मारल्यावर ऐकू येईल इतक्या अंतरावर दुसरा माणूस हवा.

पावसाबद्दल. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा दिवस रोज येत नाही, पण लोकल बंद पडण्याचा दिवस दरवर्षी येतो. जनरेटर, नमुन्यांचे फ्रीझर आणि घातक कचऱ्याची खोली तळमजल्यावर असेल तर मे संपायच्या आत ती उंच चौथऱ्यावर घ्या. अडकलेल्यांसाठी दोन वेगळ्या खोल्या, पांघरुणं, कोरडा खाऊ, सॅनिटरी पॅड आणि कॅन्टीनची किल्ली कोणाकडे आहे हे ठरलेलं हवं. लोकल बंद झाल्याचा दिवस रजेत धरणार नाही हे आधी लेखी जाहीर करा. नाहीतर कंत्राटी माणूस रुळावरून चालत येतो.

पायरी ५ : कचरा आणि वीज

घातक कचरा म्हणजे मोठ्या कारखान्यांचा विषय, असं समजून चालू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, आवारात जास्तीत जास्त ९० दिवस साठवण, नेताना मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारी नोंदचिठ्ठी), आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत नमुना ४मधला वार्षिक तपशील. मुंबईच्या परिसरासाठी सामूहिक प्रक्रिया केंद्र तळोज्याला आहे. जैववैद्यकीय कचरा वेगळा : पिवळा, लाल, निळा, पांढरा अशी विभागणी आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. शुक्रवारी दुपारी भरलेली पिवळी पिशवी सोमवारी सकाळी तिथेच असेल तर नियम मोडला.

हॅलोजनयुक्त (क्लोरीनसारखी मूलद्रव्यं असलेले) आणि हॅलोजनरहित सॉल्व्हंट, म्हणजे विद्रावक, वेगळे. नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय सॉल्व्हंट एका कॅनमध्ये कधीच नाही. आत वायू तयार होतो आणि बंद कॅन फुटतो. रिकाम्या रसायनांच्या बाटल्या भंगारवाल्याला देऊ नका. त्याही घातक कचऱ्यातच मोडतात, आणि पुढे त्या कोणाच्या घरात पाणी भरायला जातील हे आपल्या हातात राहत नाही.

विजेत सर्वांत सोपी बचत नमुन्यांच्या डीप फ्रीझरमध्ये आहे. उणे ८० अंश सेल्सिअसऐवजी उणे ७०वर ठेवला तर वापर साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कमी होतो आणि बहुतेक नमुन्यांना ते चालतं. मात्र आधी नमुन्यांची यादी करा, प्रत्येकाच्या मालकाला विचारा, अलार्मची पातळी बदला, मगच तापमान. मुंबईच्या दमटपणात बर्फ लवकर साठतो, तेव्हा दाराचं रबर आणि मागचा फिल्टर महिन्याला बघा. नळाच्या पाण्यावर चालणारे व्हॅक्यूम ॲस्पिरेटर काढून डायफ्रॅम पंप घ्या, आणि कंडेन्सरला फिरत्या पाण्याचा चिलर जोडा. रात्रभर सिंकमध्ये वाहणारं पाणी एवढ्याने थांबतं.

*सावधान :* बचतीच्या नावाखाली रात्री एक्झॉस्ट बंद करणं, मार्गिकेतले दिवे नऊला घालवणं, एकदा वापरायचे हातमोजे पुन्हा घालणं, हे चालणार नाही. हवेचा प्रवाह स्थिर असलेल्या जुन्या फ्युम हूडची (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच खाली ओढल्याने वीज वाचत नाही, तरीही ती ओढायचीच, चेहऱ्यासाठी.

पायरी ६ : आता भरती

भरती इतक्या मागे का, असं मला विचारतात. जिथे ऐकून घेणारं कोणी नाही तिथे आकडा वाढवायला माणसं आणणं त्यांच्यावर अन्याय आहे, म्हणून.

बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम ठरवणारी यादी) कायम पदांसाठी तपासली जाते. पण प्रकल्पावरची माणसं गाइड आपल्या ओळखीतून घेतात आणि पुढचे पोस्टडॉक, शास्त्रज्ञ त्यांच्यातूनच येतात. तेव्हा सुरुवात प्रकल्पाच्या जाहिरातीपासून करा. ती निदान दोन आठवडे सर्वांना दिसेल अशी ठेवा. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, गुण आधी स्वतंत्रपणे लिहायचे, मग चर्चा. लग्न, मूल, सासर, आडनावावरून गाव, हे प्रश्न बाद. पीएचडीनंतरची वर्षं मोजताना बाळंतपण, आजारपण, घरच्यांची सेवा यांतला काळ वजा करा. जिना चढावा लागणाऱ्या खोलीत मुलाखत ठेवू नका.

पायरी ७ : वर्षाचं कॅलेंडर

जानेवारी : अग्निसुरक्षा यंत्रणेचं बी नमुन्यातलं प्रमाणपत्र (महाराष्ट्राच्या २००६च्या कायद्यानुसार हे जानेवारी आणि जुलै असं दोनदा लागतं), आणि अंतर्गत समितीचा मागच्या वर्षाचा अहवाल. मे : पावसाची तयारी. जून : कचऱ्याचा वार्षिक तपशील. ऑगस्ट, नवे विद्यार्थी आल्यावर : सगळ्यांचं प्रशिक्षण, कंत्राटी माणसांसाठी त्यांच्या पाळीच्या वेळेत, मराठीत आणि हिंदीत, तेवढ्या वेळेचे पैसे न कापता. नोव्हेंबर : यादी पुन्हा पहिल्यापासून.

नव्या यादीतून डोळे मिटून दहा नावं काढा आणि त्या दहा जणांना तीन प्रश्न विचारा. आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर जायचं? त्रास झाला तर कोणाला सांगायचं? ही बाटली कुठे टाकायची? जितकी उत्तरं चुकतील ती पुढच्या समितीच्या बैठकीत विषय क्रमांक एक म्हणून जशीच्या तशी वाचून दाखवा. आणि अपघाताच्या नोंदवहीतला कर्मचारी क्रमांकाचा रकाना काढून तिथे फक्त 'नाव' असं लिहा.